गाडीला लावलेला दुसरा पंप

वन्संचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. इतके दिवस गाडी गोठ्याशेजारी उभी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. कोंबड्या टपावर चढून बसायच्या, त्यांनाही कुणी हाकललं नाही.

माझे यजमान पुण्यात एका मालकाकडं ड्रायव्हर होते. मालकानं नवीन मोटार घेतली तेव्हा जुनी ह्यांना देऊन टाकली. त्या गाडीवर हे मुळशी ते पुणे माणसं ने-आण करायचे. तळ्याकाठच्या आमच्या भागात तेव्हा एस.टी. दिवसातून एखाददुसरीच यायची. कोर्टाची तारीख असो, लग्नाचा बस्ता असो की आजारी माणूस, लोक आमच्याच दारात यायचे. गाडीत एकच खोड होती. उन्हाळ्यात, भर दुपारी, पिरंगुटच्या घाटात ती खोकायला लागायची आणि बंद पडायची. इंजिनाला लागून असलेला पेट्रोलचा पंप इतका तापायचा की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं, झाडाखाली बसायचं, निवली की निघायचं. माणसंही सरावली होती. कुणी विडी ओढायचं, कुणी डुलकी काढायचं.

वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. माझं लग्न झालं तेव्हा ती परकर-पोलक्यात होती, आणि त्या घरात मला पहिल्यांदा हसवलं ते तिनं. वैशाखात तिला कळा सुरू झाल्या. रात्र गेली, सकाळ गेली, सुटका होईना. सुईण बाहेर येऊन आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, म्हणाली, "माझ्या हातातलं न्हाई ऱ्हायलं आता. पुण्याला न्या."

पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाडीतच तिला तपासलं. मूल आडवं आहे, थांबू नका, सरळ पुण्याला घेऊन जा, म्हणाले. आम्ही निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मागं मी, माझ्या मांडीवर तिचं डोकं, आणि पायाशी आत्याबाई.

घाटाच्या मध्यावर गाडीनं दोन हिसके दिले आणि ती थांबली.

ह्यांनी बॉनेट उघडलं. मी माझ्या लुगड्याचा पदर फाडून दिला. बरोबर घेतलेलं पाणी पंपावर ओतून संपलं. खालून एक बैलगाडीवाला येत होता, त्यानं गाडी सोडली आणि घागर घेऊन ओढ्याकडं पळत गेला. तो येईपर्यंत हे रस्त्यात उभे होते, नुसते उभे. कळांच्या मधल्या उसंतीत वन्संनं डोळे उघडले. बाहेर करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या.

"वैनी, दोन द्या की काढून," ती म्हणाली.

मी ओंजळभर काढून आणली. तिनं एक तोंडात घातलं, तोंड वाकडं केलं. "आंबाट हायेत," म्हणाली, आणि परत कळ आली. बाकीची तिच्या हातातून सांडली.

पाणी आलं, गाडी निवली, सुरू झाली, आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबली. पुन्हा फडकं, पुन्हा पाणी. आम्ही इस्पितळात पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मूल आधीच गेलं होतं. दिवे लागायच्या सुमाराला तीही गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." त्यांना काय माहीत, आम्ही कुठं बसलो होतो ते. आधी पोहोचलो असतो तर ती वाचली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. पण ह्यांच्या मनात ते वाक्य जे रुतलं ते रुतलं.

तर तेराव्यानंतरच्या त्या सकाळी बॉनेट उघडून हे बराच वेळ आत बघत उभे राहिले, मग पुण्याला गेले. परत आले ते कागदात गुंडाळलेला एक पंप घेऊन. मोडीत काढलेल्या कुठल्याशा विलायती गाडीचा, विजेवर चालणारा. बरोबर वायरीचं भेंडोळं, एक फ्यूज आणि पितळी टोकाचा एक स्विच.

ओट्यावरून मामंजींनी विचारलं, "आता काय करतुयास?"

"दुसरा पंप लावतोय. मागं, टाकीपाशी. तितं इंजिनाची धग लागत न्हाई."

"आता लावून काय उपेग?"

ह्यांनी वायरीचं भेंडोळं सोडवायला घेतलं. मामंजी उठून शेताकडं निघून गेले.

पंप बसवायला दोन माणसांचे हात लागत होते, म्हणून मी गेले. ह्यांनी पहिल्यांदा वायर सरळ बॅटरीवरून दिली. पंप टकटक वाजायला लागला. मला वाटलं झालं काम. पण चावी काढून घेतली तरी तो वाजतच राहिला.

"हे न्हाई चालायचं," हे म्हणाले. "बॅटरी उतरंल. आन् कुटं गाडी ठोकली, नळी तुटली, तर ह्यो आपला पेट्रोल वतत बसंल."

मग त्यांनी वायर बॅटरीवरून काढली आणि चावीच्या मागच्या टोकाला जोडली. तिथून फ्यूज, फ्यूजवरून स्विच, स्विचवरून मागं पंप. पंपाची दुसरी वायर गाडीच्या लोखंडाला घट्ट पिळली. म्हणजे चावी दिल्याशिवाय पंपाला वीज नाही, आणि चावी दिली तरी स्विच ओढल्याशिवाय तो चालायचा नाही. हे सगळं ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. तेरा दिवसांत ते एवढं बोलले नव्हते.

ही वायर गाडीच्या आतून मागं न्यायची तर मागची बैठक उचलावी लागणार होती. ते पुढून वायर सारत होते, मी मागून ओढून घेत होते. बैठक उचलली तर खाली पत्र्याच्या खाचेत करवंदं होती. वाळून मिरीसारखी झालेली, चार-पाच.

"आली का वायर?" पुढून आवाज आला.

मी वायर सोडून खाली वाकले.

"अगं, आली का?"

"आली," मी म्हटलं. करवंदं मुठीत घेतली आणि दुसऱ्या हातानं वायर ओढली. त्यांना दाखवली नाहीत. परसात निंबाच्या बुडाशी माती उकरून पुरली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हे म्हणाले, "चल." कुठं ते मी विचारलं नाही. रिकाम्या गाडीत आम्ही दोघंच. पौड गेलं, पिरंगुट गेलं, घाट लागला. ऊन तसंच होतं, करवंदं मात्र संपत आली होती. त्या जागेच्या जरा पुढं गाडी खोकली. एक हिसका बसला. ह्यांनी स्विच ओढला. मागून टकटकटकटक असा घाईघाईनं आवाज आला, मग तो संथ झाला, आणि गाडीनं दम धरला. दुसरं वळण आलं आणि गेलं. एका झपाट्यात आम्ही माथ्यावर होतो.

ह्यांनी गाडी कडेला घेतली. चावी फिरवून बंद केली. मागचा आवाजही थांबला.

"चढली," ते म्हणाले.

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. इस्पितळात ते रडले नव्हते, स्मशानातही नाही. आता हुंदके देऊन रडत होते. "चढती व्हय गं, चढती! एवढंसंच तर काम हुतं!" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गाडी बंद पडली असती तरी त्यांना वाईट वाटलं असतं. पण ती चढली, हे त्याहून वाईट होतं.

घरी आलो तेव्हा आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"कुटं गेलता?"

"घाटापत्तूर," हे म्हणाले.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "चढली का?"

"चढली."

आत्याबाईंनी लेकाकडं बघितलं. "हात धू," म्हणाल्या, "भाकर वाढते." वन्सं गेल्यापासून चूल माझ्याकडंच होती. त्या दिवशी त्या स्वतः उठल्या, त्यांनी ताट घेतलं, आणि हे जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

पुढं ती गाडी आणखी काही वर्षं चालली. अडलेल्या बाया तिनं नेल्या, साप चावलेले नेले. काही वाचले, काही नाही वाचले. मामंजी मात्र पुन्हा त्या गाडीत कधी बसले नाहीत. पुण्याला जायचं तर ते पहाटे उठून पौडापर्यंत चालायचे आणि तिथून एस.टी. धरायचे.