बेरीज जुळली, खुणा जुळेनात

माझे वडील, आबा, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. मुकादमाची जागा एकदा चालून आली. पण मुकादमाला रोज सकाळी हजेरी पुकारावी लागते. बोलताना अडखळणारे आबा पहिल्याच नावावर अडकले, हमाल हसले, जागा दुसऱ्याला गेली. माय रोजाने कापूस वेचायची. त्यातून मी बी.ए. झाले. आमच्या भावकीत पहिलीच. हे मी आजही ताठ मानेने सांगते.

नव्वदच्या सुमारास धुळ्याला, देवपुरात एका मॅडमकडे काम मिळालं. अडखळत बोलण्यावर त्यांचं संशोधन होतं. कॅसेट ऐकायची आणि बोलणारा जिथे अडखळेल, तिथे लिहून काढलेल्या मजकुरात खूण करायची. तीच कॅसेट दुसरी एक मुलगी वेगळ्या खोलीत ऐकायची. "दोघींचं जुळलं नाही, तर तुमचं काम मला वापरता येणार नाही," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

पहिल्या कॅसेटवर माझ्या खुणा तिच्या निम्म्याही नव्हत्या. मला अडखळणं ऐकूच येत नव्हतं. आमच्या घरात आबांचा शब्द पुरा होईपर्यंत सगळे थांबतात, मधलं कुणी ऐकत नाही. हे मॅडमना सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या कॅसेटला मी भीतीपोटी अंदाजाने खुणा वाढवल्या.

मॅडमनी दोघींचे कागद शेजारी ठेवले. "बेरीज जुळली." मग त्यांची पेन्सिल ओळीओळीवरून फिरायला लागली.

"तिची खूण इथे, तुमची तिथे. ही बेरीज घेऊन मी काय करू? सोमवारी आणखी एक कॅसेट देते, ती शेवटची संधी."

रविवारी गावी गेले. जेवताना आबा जिनिंगमधलं काही सांगत होते. मी अर्थ सोडून नुसते आवाज ऐकायला लागले. प्रत्येक अडखळण्याला बोट आपोआप ताटाच्या काठावर टेकत होतं. आबा थांबले.

"क-क-काय मोजी ऱ्हायनी, पोरी? मन्हं ब-बोलनं?"

खोटं बोलवेना; मान हलवली. वाटलं, आता ताट सारून उठतील.

"मंग ब-बरोबर मोज. बापनं शे म्हनीसन क-कमी लिखू नको."

"मंग तिले मोठली वही लागी!" माय म्हणाली, आणि पहिले आबाच हसले.

दुपारभर मी त्यांना बोलतं ठेवलं आणि अडखळतील तिथे बोट टेकवत गेले.

सोमवारी आधी सांगून टाकलं, "मॅडम, मागच्या खुणा मी अंदाजाने केल्या होत्या."

"कळलं होतं. बसा."

ऐकू आलं तिथेच खूण केली. या वेळी खुणा जुळल्या, मॅडमनी ठरवलेल्या फरकाच्या मर्यादेत. काही दिवसांनी जुना कागद न दाखवता त्यांनी तीच कॅसेट पुन्हा दिली, तेव्हा माझ्या नव्या खुणा माझ्याच आधीच्या खुणांशीही जुळल्या. माझी मोजणी त्यांच्या संशोधनात घेतली गेली.