मॉक ड्रिलला दांडी मारणाऱ्या माझ्या सासूबाई

मागच्या मंगळवारी दुपारी आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूमला आग लागली. सगळे सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते... नाहीतर फोन सुरू होतील. पण लिहायचंय ते मम्मींबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल.

आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला राहतो, पाचव्या मजल्यावर. माझे सासरे, पप्पा, इथल्याच एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघायचे. ते रिटायर झाले, पण त्यांच्यातली सेफ्टी काही रिटायर झाली नाही.

दाराजवळ एक सॅक कायम भरलेली... टॉर्च, शिट्टी, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स. बाल्कनीत पाण्याचे कॅन. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं, पण अधूनमधून रविवारी घरात चक्क मॉक ड्रिल असायचं!

पप्पा हॉलमध्ये उभे राहून विचारणार, "समजा, मी घरात नाही. गॅसचा वास येतोय. पहिलं काय करायचं?" आणि माझा नवरा निलेश सोफ्यावर लोळत सांगणार, "जेवण बाहेरून मागवायचं." लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला तोंडाला ओला पंचा लावून हॉलभर रांगायला लावलेलं. मी माहेरी फोन करून सांगितलं, "यांना सून नको होती गं, जवान हवा होता..."

मम्मी मात्र एकदाही आल्या नाहीत. कधी बोंबील करपणार असायचे, कधी डोकं दुखत असायचं. पप्पांनी फारच आग्रह केला तर म्हणायच्या, "मला नका शिकवू आता या वयात." आणि आत निघून जायच्या.

तर मंगळवारी नेमके पप्पा घरी नव्हते. निलेशच्या आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते कोपरीला त्यांच्याकडे गेलेले. निलेश ऑफिसला. घरात मम्मी आणि मी... मला सातवा महिना चालू आहे, म्हणून सध्या घरूनच काम करते.

अचानक लाइट गेली. मग खालून आरडाओरडा. मी दार उघडलं तर जिन्यातून काळा धूर वर येत होता.

एवढी ड्रिल्स केलेली मी... काही म्हणजे काही आठवलं नाही. खाली पळायचं, एवढंच डोक्यात. पायात चप्पल सरकवली आणि जिन्याकडे निघाले, तोच कोणीतरी दंडाला धरून मला मागे ओढलं.

"धुरात जिना उतरायचा नाही, प्राची! आत हो." मम्मींचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

मला आत ढकलून त्यांनी तोंडाला ओला टॉवेल धरला आणि समोरचं दार बडवलं. तिथे सावंत आजी एकट्याच असतात. धूर अजून पातळ होता, तेवढ्यात त्यांना हाताला धरून आमच्या घरात आणलं. येताना कठड्यावर गुडघा सणकून आपटला, पण थांबल्या नाहीत.

दार बंद. चादर भिजवून दाराच्या फटीत कोंबली. गॅस बंद, मेन स्विच बंद. मला म्हणाल्या, "फायर ब्रिगेडला फोन लाव. मजला सांग, किती माणसं ते सांग, पोटुशी आहेस तेही सांग." मी फोनवर बोलतेय तोवर आम्हाला बाल्कनीत नेऊन मागचं दार लावून घेतलं आणि खालच्या लोकांना दिसावं म्हणून त्यांची लाल ओढणी हलवत उभ्या राहिल्या.

आजी रडायला लागलेल्या. मम्मी म्हणाल्या, "आजी, देवाचं नाव घ्या. पण मनातल्या मनात... तोंडावरचा रुमाल काढू नका."

तेवढ्यात पप्पांचा फोन आला. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकलेला. त्यांना बोलताच येत नव्हतं. "दार... अगं, दार..." एवढंच.

मम्मींनी माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, तुम्ही आधी खाली बसा. पाणी प्या. दार बंद आहे, फटीत ओली चादर आहे, गॅस बंद केलाय. प्राची ठीक आहे, समोरच्या आजींनाही आणलंय. काही राहिलंय का?"

पप्पा म्हणाले, "नाही. काही नाही राहिलं." आणि रडायला लागले.

फायर ब्रिगेडवाल्यांनी आग विझवली. धूर गेल्यावर आम्हाला एकेकीला धरून खाली आणलं. लगेच डॉक्टरकडे गेलो. बाळ मजेत आहे.

संध्याकाळी पप्पा आले. मम्मींच्या समोर येऊन बसले. मग म्हणाले, "तू तर एकदाही आली नाहीस गं. मग हे सगळं..."

"किचनमध्ये आवाज येतो सगळा," मम्मी म्हणाल्या. "तुमची सुरुवातच असायची, समजा मी घरात नाही... मला ते तुमच्यासमोर उभं राहून ऐकवत नव्हतं. म्हणून यायचे नाही."

निलेश आणि मी एकमेकांकडे बघितलं. हसणं तर सोडाच, आम्हाला मान वर करता येईना. पप्पा तसेच उठले. बाम आणला, मम्मींच्या पायाशी बसले आणि त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याला चोळत राहिले... आमच्यासमोर, अजिबात न लाजता.

लोक विचारतात, बाळासाठी काय काय तयारी झाली? पाळणा अजून यायचाय, कपडे धुवायचेत... पण तू यायच्या आधीच तुझ्या आजी-आजोबांनी तुला सांभाळलंय, हे त्याला मी नक्की सांगणार आहे.