मडीचा पॉइंट

नव्या घराच्या वायरिंगचा नकाशा पाठवून, कुठला पॉइंट कुठे हवा ते तुम्ही मला विचारलंत. तंजावूरच्या घराचा नकाशा मी काढला होता, हे तुम्ही ऐकलं असणार. त्या घरात काय झालं ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

राजवाड्यामागच्या बोळातलं भाड्याचं घर सोडून आम्ही गावाबाहेर बांधायला घेतलं, तेव्हा दुकानं नुकतीच मिक्सर आणि वॉशिंग मशीनने भरू लागली होती. जुन्या घरात सगळे मिळून दोन प्लग होते. मी ग्राफच्या कागदावर एकेक खोली आखली, दिवे निळ्या पेन्सिलीने, पॉइंट लाल पेन्सिलीने. विजेची फाईल वेगळी ठेवली, नळाची वेगळी.

तुमच्या आजोबांची थोरली बहीण आमच्याकडेच असे. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. स्वयंपाक त्यांचा, आणि तोही मडीत. इतर मराठी लोक ज्याला सोवळं म्हणतात ती आपली मडी. इडलीचं पीठ दगडी आट्टुक्कलवर वाटून वाटून त्यांचा खांदा निकामी झाला होता. वेट ग्राइंडरला त्या एका अटीवर तयार झाल्या: त्याला आणि त्याच्या बटणाला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. म्हणून ओट्याच्या टोकाला, त्यांच्या हाताच्या उंचीवर, मी खास त्यांच्यासाठी पॉइंट काढला. त्यांना तो दाखवताना मला फार बरं वाटलं होतं.

वायरमन म्हणाला, अर्थिंगसाठी स्वयंपाकघरामागे खड्डा खणावा लागेल. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर तिला जमिनीत नेणारी तार तिथे पुरायची. पण तिथे आदल्याच दिवशी धुण्याच्या जागेचं सिमेंट झालं होतं आणि ते मला फोडायचं नव्हतं. मग तो म्हणाला, बोअरच्या लोखंडी पाइपला तार बांधतो, अर्ध्या गावात तसंच आहे. मी "अर्थिंग" या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

दोन-तीन वर्षांत ते पाइप गंजले. प्लंबरने प्लास्टिकचे टाकले. त्याची नोंद मी नळाच्या फाईलमध्ये ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी अक्का सकाळी दोन-दोनदा आंघोळ करू लागल्या. मडीची वाळलेली साडी रोज एकच असे. दुसऱ्या आंघोळीनंतर त्या ओलेत्यानेच ओट्याशी उभ्या राहत. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. एका सकाळी त्या तिसऱ्यांदा न्हाणीकडे निघाल्या तेव्हा मी म्हणाले, "अक्का, टाकीत आमच्यासाठी काही ठेवा."

"मडी मोडली गे."

"कुणी शिवलं? घरात आपण तिघंच."

"कुणी नाही. हाताला कळतं."

"हाताला काय कळतं?"

"इंग्रजी शिकलीस म्हणून सगळ्याचं कारण पाहिजे?" असं म्हणून त्यांनी दार लावलं.

मी हसले आणि वरच्या मजल्यावर आवरायला गेले.

त्यानंतर आठ दिवसही गेले नसतील. नेहमीसारखीच सकाळ होती. फरशी नुकतीच धुतलेली होती आणि ग्राइंडर चालू होता. त्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला, म्हणून मी खाली आले. अक्का फरशीवर पडल्या होत्या, साडीतून पाणी निथळत होतं. मी मेन स्विच बंद केला. डॉक्टर आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अक्कांचे दिवस झाल्यावर दुसरा वायरमन आणला. ग्राइंडरच्या पत्र्याला टेस्टर लावताच दिवा पेटला. हिरव्या तारेच्या मागे मागे तो परसात गेला आणि त्याने मला हाक मारली. तार जागच्या जागी नीट बांधलेली होती. पाइपचा वीतभर लोखंडी तुकडा तेवढा उरला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक. जमिनीशी त्याचा काही संबंध राहिला नव्हता.

भांडी घासणाऱ्या बाईने मग सांगितलं, अक्का तिला म्हणाल्या होत्या की आपली मडी मोडली की यंत्र हाताला चावतं. चावलं की त्या आंघोळीला जायच्या, आणि आणखी ओल्या होऊन त्याच यंत्राशी परत यायच्या.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तुमच्या आजोबांनी मला विचारलं, "यंत्र चावतं असं तुला कधी म्हणाली होती?"

मी "नाही" म्हणाले. त्या शब्दांत अक्का मला कधीच म्हणाल्या नव्हत्या. आजोबांनी मान हलवली. ती स्वभावानेच कुणाला काही सांगायची नाही, असं म्हणाले आणि हात धुवायला उठले. पुढची सगळी वर्षं, स्वतः जाईपर्यंत, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत राहिले, की अक्काने घरात कुणाला काही कळू दिलं नाही. मी शेजारी बसलेली असायची.