माझ्या टर्बोच्या नॉबला हात लावायला कुणी सांगितलं?

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

माझ्या गाडीत टर्बोचं प्रेशर कमी-जास्त करायला बॉनेटखाली एक साधा नॉब आहे; आवळला की प्रेशर वाढतं, सैल केला की कमी. तळेगावचा मेकॅनिक म्हणाला होता, "मॅडम, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसवा." मीच हट्टाने नको म्हटलं. मॅन्युअल असलं की कंट्रोल माझ्या हातात राहतो ना!

आज सकाळी लोणावळ्यात चहाच्या टपरीसमोर थांबले. वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि डिकीतून बाटली आणायला गेले. परत येते तर दोन अनोळखी गृहस्थ आत डोकं घालून उभे!

"साहेब कुटं गेले?" एकाने विचारलं.

"गाडी माझी आहे."

"आसू द्या ताई. ह्यो नॉब लय ढिला व्हता, आवळून टाकलाय."

"किती आवळलात?"

"बसंल तेवढा!"

अहो, तो ढिला नव्हता, मोजूनमापून तिथे ठेवला होता! तशीच भुशी धरणाच्या पुढचा चढ चढले असते तर इंजिनच बसलं असतं. मी आवाज चढवला, तर वर रागही त्यांनाच आला. म्हणे, मदत केली तरी बाई अंगावर येते!

नॉब पूर्ण सैल करून, रखडत रखडत तळेगाव गाठलं. आता इलेक्ट्रॉनिक बसवतेय. त्याचं सेटिंग निदान बॉनेटखाली उघड्यावर नसतं.

पण एक सांगा. गाडीशेजारी खरंच कुणी साहेब उभे असते, तर न विचारता हात घातला असता का यांनी?