नकाशावरचं वर्तुळ

चेन्नईला बदली झाली तेव्हा मला तमिळचा गंध नव्हता आणि ऑफिसबाहेर ओळखीचं कुणी नव्हतं. शोळिंगनल्लूरच्या त्या उंच इमारतीत रविवार अंगावर यायचा. अशाच एका रविवारी इंटरनेटवर मराठीतून खेळणारा एक गट सापडला. खेळ साधा होता. एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे तिच्यातली पात्रं होणार. स्क्रीनवर नकाशा असतो, त्यावर आपली सोंगटी सरकवायची, फासे टाकायचे आणि हेडफोन लावून बोलत राहायचं. चेहरे दाखवायचे नाहीत, खरी नावं विचारायची नाहीत, हा आमचा रिवाज.

गोष्ट सांगायचे एक निवृत्त शिक्षक, तंजावरकडचे मराठी. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दुसरी खेळाडू नागपूरची एक वकीलबाई, तिसरी मी. मी काही सांगायला लागले की मामा थांबवायचे. "तुमचें मराठी फार जोरांत पळतें, अम्मा. आम्हांस थोडें सावकाश सांगा." बायको गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही, असं एकदा बोलून गेले होते. ते अण्णा नगरला एकटे राहतात, याहून जास्त मला काही ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी आमची पात्रं एका गुहेत शिरली होती. मामा सांगत होते, "आतां उजवे बाजूस एक दार दिसतें. दारास..." आणि अडखळले. मग म्हणाले, "दारास पाणी. पाणी चावी. चावी चावी..."

हा गुहेतला मंत्र असावा असं आम्हांला वाटलं. वकीलबाईने तो आपल्या पात्राच्या आवाजात परत म्हणूनही दाखवला. पण पलीकडून आला तो नुसता घशातला आवाज. आणि काहीतरी पडल्याचा.

"मामा? मामा, काय होतंय?"

श्वास मात्र ऐकू येत होता, जड, ओढून घेतल्यासारखा.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडचा माणूस तमिळमधून एकच विचारत होता, पत्ता काय, जवळ खूण काय. एवढं तमिळ एव्हाना कळायला लागलं होतं. "अण्णा नगर," मी सांगत राहिले. "अण्णा नगर मोठं आहे, मॅडम," तो शेवटी इंग्रजीत म्हणाला. मामांचा फोन नंबर नव्हता. नाव नव्हतं. खेळाच्या वेबसाइटला मदतीसाठी लिहिलं, तर 'आपला निरोप मिळाला' असं आपोआप उत्तर आलं. कानात तो श्वास चालूच होता आणि मी खोलीत इकडून तिकडे फिरत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर मामांना ऐकू गेलं असतं.

तेवढ्यात वकीलबाई म्हणाली, "स्क्रीनकडे बघ."

नकाशावर माऊस दाबून धरला की तिथे एक रंगीत वर्तुळ उमटतं, सगळ्यांना दिसतं. मामांचं भगवं वर्तुळ गुहेच्या भिंतीवर उमटत होतं. पुन्हा. पुन्हा.

"मामा, ऐकू येतंय? येत असेल तर दाबा."

वर्तुळ उमटलं.

"घराचा पत्ता सांगता येईल?"

घशातून नुसती घरघर आली. शब्द येत नव्हते. मी स्क्रीनवर लिहायच्या पाटीवर अक्षरं लिहिली, तर वर्तुळ त्यांच्यावरून भलतीकडेच भरकटलं. मला रडू फुटलं. मग एकदम सुचलं. चित्रं लावायची मुभा मामांनी आम्हांला देऊन ठेवली होती. मी अण्णा नगरचा खरा नकाशा उघडला, त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि गुहेच्या जागी लावला.

"मामा, घर कुठे?"

काहीच झालं नाही. कितीतरी वेळ, निदान मला तसं वाटलं. मग टॉवर पार्कच्या पलीकडे वर्तुळ उमटलं. मी तेवढाच भाग मोठा करून लावला. वर्तुळ एका गल्लीत आलं. मग त्या गल्लीची उपग्रहातून दिसणारी छपरं लावली. वर्तुळ एका गच्चीवर आलं, निळ्या टाकीशेजारी. आणि त्यानंतर उमटायचं थांबलं.

गल्लीचं नाव वाचून ॲम्ब्युलन्सला सांगताना मी तमिळ, इंग्रजी, मराठी काय काय बोलले कोण जाणे. मग वकीलबाईला माझा फोन नंबर दिला आणि गाडी काढली. वकीलबाई हेडफोनवरून मामांशी बोलत राहिली होती, नागपूरच्या उन्हाबद्दल, तिच्या कोर्टातल्या गमतींबद्दल, आणि दुसऱ्या फोनवरून मला सांगत होती. "श्वास चालू आहे गं." रस्ता संपता संपेना. अड्यारला सिग्नलला अडकले असताना ती ओरडली, "दार तोडतायत! मला ऐकू येतंय! माणसं आली आत!"

मी त्या गल्लीत पोचले तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं; कुठल्या, ते शेजाऱ्यांनी सांगितलं. तिथल्या नर्सने विचारलं, "पेशंटचं नाव?" मला माहीत नव्हतं. "तुम्ही कोण त्यांच्या?" तेही सांगता येईना. काचेपलीकडे पलंगावर एक बारीक, उंच म्हातारा पडला होता. मी त्यांना तोवर कधी पाहिलंच नव्हतं. हेच मामा, हे मी केवळ शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मानलं.

अर्धांगाचा झटका होता. परदेशातून मुलगी आली. मामा वाचले. उजवा हात गेला, म्हणजे ती वर्तुळं त्यांनी डाव्या हाताने उमटवली होती, आणि वाचाही गेली. मी रोज जायचे, शेजारी बसून मराठीत काहीबाही बोलायचे. ते बघत राहायचे.

मग एके दिवशी मुलीचा फोन आला. अप्पा बोलायला लागले, या. मी धावत गेले. ते उशीला टेकून बसले होते आणि नर्सकडे कॉफी मागत होते, तमिळमधून.

"मामा, कसे आहात?" मी सावकाश विचारलं, त्यांना आवडायचं तसं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, परत हलले. कपाळावर घाम आला. मग त्यांनी मान हलवली.

"वरलै, मा," ते म्हणाले. येत नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. दोन भाषांतली एक परत येते. घरातली गेली आणि बाहेरची राहिली. दुसरी येईल का, यावर त्यांनी नुसते हात पसरले.

मामांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि तमिळमध्ये काहीतरी लांबलचक सांगायला लागले. थांबून थांबून, मला कळावं म्हणून. मला अर्धंसुद्धा कळत नव्हतं. मी "आमा, आमा", हो हो, म्हणत मान डोलावत राहिले. बाहेर येऊन नागपूरला फोन लावला. वकीलबाई विचारत होती, "बोलले का? काय बोलले?" आणि मला तिला सांगता येत नव्हतं.