अलामीनची पाण्याची गाडी

दुसरं महायुद्ध कोणी जिंकलं यावर जगात वाद असतील, पण ते नेमकं कुठे कुठे फिरलं याबद्दल शेवटचा शब्द आमच्या व्याह्यांचा. हे मी लिहितोय, नगरच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. माझ्या मुलीचे हे सासरे कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गळीत हंगाम सुरू झाला की पांढरी टोपी घालून यार्डात हजर. उसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास तिथे बसून असतात, आणि इतका अडकून पडलेला श्रोता व्याह्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

ओलं पोतं अंथरलं की झाला पॅसिफिक महासागर. त्यावर उसाची चार कांडकी म्हणजे जपानची चार विमानवाहू जहाजं. "हितं मिडवेला लढाई फिरली," असं म्हणून ते अमेरिकेची विमानं घ्यायला मागे वळायचे, तोवर एखादं जहाज ड्रायव्हरच्या दाढेखाली गेलेलं असायचं. "आरं, ते आजून बुडायचं हाय!" ते कळवळून ओरडत. स्टालिनग्राडला तर रशियाची अख्खी राखीव फौज चघळून झाल्यामुळे एकदा जर्मनी जिंकायची वेळ आली होती. व्याह्यांनी धावत जाऊन एका मोळीतून नवा ऊस ओढून आणला आणि युरोप वाचवला.

लग्नाच्या बैठकीत आमच्या मामांनी जेवणावळ आणि मानपान एकदमच काढलं, तेव्हा हे वरपिता असूनही हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, जर्मनीनं हीच चूक केली. दोन आघाड्या एका वक्ताला उघडू नका. आदी जेवनाचं मिटवू." ते दहा मिनिटांत मिटलं, आणि मानपानाची आघाडी त्यांनी नंतर कोणाला उघडूच दिली नाही. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हा ते विहीणबाईंना म्हणाले, "रसद तुटली की फौजंचं काय हुतं, ठावं हाय का तुला?" विहीणबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "ठावं हाय. फौज गप बसती."

मला मात्र त्यांची लाज वाटायची. आज ती लाज वाटल्याचीच लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो.

माझ्या एकसष्टीला शाळेतले जुने सहकारी आले होते, त्यात दोघे इतिहासाचेच. व्याह्यांनी पंगतीत पत्रावळीवर अलामीन मांडलं, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातली इंग्रज-जर्मनांची लढाई. शिऱ्याचं वाळवंट, भज्यांचे रणगाडे, मधे मिठाची रेघ. मी कान देऊन ऐकत होतो, सगळं बिनचूक होतं. मग त्यांनी इंग्रजांच्या पिछाडीला पाण्याची एक वाटी ठेवली. "ही पान्याची गाडी. आमचा म्हातारा चालवायचा. वाळवंटात पानी पोचलं म्हनून फौज टिकली. लढाई फिरली ती हितं."

सहकारी माझ्याकडे पाहू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "व्याहीबुवा, हे कुठल्याच पुस्तकात नाही. वडिलांनी थाप मारली तुम्हाला!" पंगत खो खो हसली. तेही हसले, वाटी उचलली आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

त्या वाटीमागचं खरं काय ते पुढे मुलीने सांगितलं. त्यांचे वडील इंग्रजांच्या फौजेत होते, आणि लढाईवरून परत आले ते मुक्यासारखेच होऊन आले. त्या लढाईबद्दल सबंध आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली, तीही एकदाच. व्याह्यांनी आयुष्यभर महायुद्धाची पुस्तकं जमवली ती फक्त ती गाडी शोधायला. बाकीचं महायुद्ध त्यांना वाटेत सापडत गेलं. आणि मी तीस वर्षं मुलांकडून सेनापतींची नावं घोकून घेतली, पण तिथे पाणी कोणी नेलं, असं एकाही वर्गात कधी विचारलं नाही.

गेल्या हंगामात माफी मागायला म्हणून यार्डात गेलो. त्यांनी मोठ्या अभिमानाने ड्रायव्हरांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे व्याही. इतिहासाचे गुरुजी. चुकलं तर हे सांगतील." मग अलामीन मांडलं, आणि लढाई संपली तरी इंग्रजांची पिछाडी रिकामीच राहिली. मी म्हणालो, "आणि पाण्याची गाडी?"

"ती पुस्तकात न्हाई ना," ते सहज म्हणाले.

नंबर लागले तसे ड्रायव्हर उठून गेले. आम्ही दोघेच उरलो, तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, "गुरुजी, एक इचारू? म्हातारं माज्यासंगं खोटं बोललं आसंल का हो?"

"नाही हो! ते खरंच बोलले. चुकलो मी," मी म्हणालो. हे दोनतीनदा म्हणालो.

"व्हय, व्हय," ते म्हणाले, आणि घरी आलेल्या पाहुण्याचं मन राखावं तशी त्यांनी मान डोलावली.