म्हातारीचं डोकं

आमचे मिस्त्री काम करण्याआधी आंघोळ करत, नंतर नाही. बाकीचे मिस्त्री दिवसभर ग्रीसमध्ये लडबडतात आणि घरी जाऊन साबण लावतात. आमचे मिस्त्री सकाळी आमच्याकडे येत, सासूबाईंनी तापवलेलं पाणी तांब्याच्या घंगाळात ओतून घेत, साऱ्या वाडीवस्तीला कळेल अशा आवाजात अंगावर घेत आणि मगच पान्याला हात लावत. "दुसऱ्याच्या पोटात हात घालाचा तं आपलं अंग साफ पाह्यजे," ते म्हणत. "डाक्टर नाही का धूत?" संध्याकाळी त्याच काळ्या हातांनी बिडी पेटवत घरी जात. त्यांची बायको यावर काय म्हणत असे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हाला अंदाज होता.

मी नागपूरच्या रामदासपेठेत वाढलेली मुलगी लग्न होऊन नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागेत येऊन पडले, तेव्हा घरात सासू, सासरे, नवरा आणि एक ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टर मामंजींनी कुणाकडून तरी जुना घेतला होता आणि त्याला नांगरणीपेक्षा उभं राहणं जास्त आवडायचं. बागेत वीज नव्हती, म्हणून विहिरीवरचा पंप त्याच्याच इंजिनाला पट्टा लावून चालायचा. मिस्त्री त्याला 'म्हातारी' म्हणत. "काहून वं म्हातारे, आज काहून रुसली?" अशी सुरुवात व्हायची आणि पुढे ज्या शिव्या यायच्या त्या मला सासरीच पहिल्यांदा कळल्या. हळूहळू सगळे म्हातारीच म्हणू लागले, एक सासूबाई सोडून. त्यांना या नावात कुठेतरी टोमणा आहे असं वाटे, आणि मिस्त्री तो संशय कधी फिटू देत नसत.

माझ्या लग्नाला वर्ष झालं असेल तेव्हाची गोष्ट. थंडीत संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस झालं, पानं मिटू लागली की पाणी सोडायचं, म्हणजे जीव वाचल्याच्या आनंदात ते फुलून येतं. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड नाही. त्या वर्षी पाणी सोडायची वेळ आली आणि म्हातारी पांढरा धूर ओकून बसली. इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग जळलं होतं. मिस्त्रींनी हेड उघडलं, सगळे भाग सासूबाईंच्या जुन्या लुगड्यावर मांडले, आणि चहा मागितला.

मामंजींच्या घशाखाली मात्र काही उतरेना. ही झाडं त्यांनी स्वतः खड्डे खणून लावली होती. ती वाळली असती तर नवी लावून फळ धरेपर्यंत त्यांचं वय पुरलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. ते सारखे बागेत जाऊन पानं चाचपून येत. मिस्त्री त्यांना म्हणत, "भाऊ, झाडाले ताण द्याचा असते. तुमी कायले घेऊन राहिले?"

पॅकिंग तालुक्यात कुठे मिळेना. नागपूरला जुन्या सामानाच्या दुकानात मिळेल म्हणून माझ्या दादाला निरोप द्यायचं ठरलं. दादा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता. मी म्हटलं, चिठ्ठी देते. मिस्त्री म्हणाले, "चिठ्ठी कायले? एसटीचा कंडक्टर आपलाच हाय." आणि त्यांनी आपल्या कंडक्टरला तोंडी निरोप दिला. त्याने तो शब्दन् शब्द पोचवला, यात त्याचा काही दोष नाही. निरोप असा होता: "म्हातारीचं डोकं उघडून ठेवलं हाय. बाईच्या भावाले म्हणा, पॅकिंग घेऊन लवकर ये, नाही तं काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं दादा आला, आणि त्याच्याबरोबर माझी आई. आईने फाटकापासूनच रडायला सुरुवात केली होती. सासूबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय झालं वं विहीणबाई? कोन गेलं?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, आणि तिथेच ओट्यावर बसली. दादाने पिशवीतून पट्ट्या, टिंक्चर आणि जखमेत भरायच्या पॅकिंगचं भलंमोठं बंडल काढलं. मिस्त्रींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हा तं कापूस हाय ना गा," ते म्हणाले. "इथं का कापसाची कमी हाय?"

सासूबाईंना सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत, आणि हे फार वाईट लक्षण होतं. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "म्हंजे एसटीचा कंडक्टरबी मले म्हातारीच म्हणते."

हसून झालं, पण पॅकिंग काही आलं नव्हतं. दादा परत जाणार, दुकान शोधणार, गाडी पकडून येणार, तोवर झाडांचं सरपण झालं असतं. बागेत काही फांद्यांची पानं गळायलाच लागली होती. मामंजी आता बागेत जाईनासे झाले.

सकाळी मिस्त्री न्हाणीत गेले. पाण्याचा आवाज एकदम थांबला आणि घंगाळावर बोटं वाजवल्याचा आवाज आला. ते ओल्या धोतरानंच बाहेर येऊन सासूबाईंसमोर उभे राहिले.

"वयनी, हे घंगाळ कोनाचं?"

"माह्या मायनं देल्लं. लग्नात."

"जाड हाय."

"असनच. माह्या मायनं हलकं काहीच देल्लं नाही."

"मले पाह्यजे. कापून पॅकिंग करतो."

मामंजींनी मानही वर केली नाही. सासूबाईंच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं, आणि दर दिवाळीला त्या हे घंगाळ स्वतःच्या हातानं चिंचेनं घासत, मला हात लावू देत नसत. त्या मिस्त्रींकडे बघत म्हणाल्या, "अन् मंग तू आंघोळ कायच्यात करशीन?"

"बादलीत करीन."

"मंग घेऊन जाय. कापतानी मले बोलावू नोको."

त्या आत गेल्या आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासत बसल्या. बाहेर छिन्नीचा घाव पडला की आत भांड्याचा आवाज वाढे. मिस्त्रींनी जळकं पॅकिंग तांब्यावर ठेवून कोळशानं रेघ मारली, कापलं, भोकं पाडली, चुलीत लाल करून पाण्यात विझवलं आणि हेड बसवून नटबोल्ट आवळले. त्या दिवशी त्यांनी म्हातारीला एकही शिवी दिली नाही. नवऱ्यानं हँडल मारलं. ती खोकली, थुंकली, काळा धूर सोडला आणि चालू झाली. पट्टा फिरला, पंपाला पाणी आलं. मामंजी धोतरासकट पाटाच्या पाण्यात बसले आणि लहान मुलासारखे रडले. सासूबाई म्हणाल्या, "उठा, थंडी हाय."

त्या वर्षी असा बहार आला की घरातल्या भाजीलाही संत्र्याच्या फुलांचा वास येई. फळ उत्तम भावानं गेलं, आणि मामंजींनी त्यातून पहिली गोष्ट केली ती म्हणजे बागेत वीज आणली. विहिरीवर मोटार बसली. म्हातारी शेडमध्ये गेली, मग भंगारात. मिस्त्रींनी ज्या बागेला वाचवलं, त्याच बागेनं त्यांचं आमच्याकडचं काम संपवलं. यात कुणाची चूक नव्हती, आणि म्हणूनच त्याबद्दल कुणाशी भांडताही येईना.

पुढच्या बहाराच्या वेळी ते एकदा आले. मोटारीकडे गेले, बटण दाबून बंद केली, पुन्हा दाबून चालू केली. मामंजी मायेनं म्हणाले, "मिस्त्री, आता आलाच हाय तं जेवून जाय."

"नाही भाऊ," ते म्हणाले. "कामाबिगर जेवाची सवय नाही मले."

माझ्या माहितीत ते आयुष्यात बोललेलं हे एकमेव खोटं. कामाबिगर जेवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. सासूबाईंनी आतून त्यांचं ताट वाढून आणलं होतं. ते घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, आणि मिस्त्री फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांनी ते खाली ठेवलं नाही.